व्हॉल्व्ह जळण्याची सबब

त्र्यंबक दाभाडे यांच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही नीट सांगते: गेल्या वर्षावासाचा सातवा आठवडा, गुरुवार, संध्याकाळचे सव्वासहा, विहाराच्या हॉलमधली बैठक. त्र्यंबक दाभाडे म्हणजे आमच्या वस्तीचे दाभाडे मामा, विहारातलं लाउडस्पीकरचं मशीन सांभाळणारे. अन्याय करणाऱ्याचं नाव पत्रकात नेहमी मधे कुठंतरी जाड अक्षरात येतं आणि लिहिणाऱ्याचं तळाला, 'आपली नम्र' च्या खाली. या खेपेला दोन्ही जागी एकच नाव आहे, म्हणून वरच घालते. सुजाता. मी.

कॉलेजपासून पत्रकं लिहितेय. रेशनवर, नालीवर, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर, नळाला आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर. माझं पत्रक पहिल्या ओळीतच बोट दाखवतं. 'जबाबदार कोण?' हे माझं आवडतं शीर्षक. त्याचं उत्तर माझ्यापाशी नसलं असं एकदाही झालं नाही. आता वाटतं, तिथंच संशय यायला हवा होता.

यंदाचा वर्षावास लागलाय. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथाचं वाचन. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, ओल्या सतरंजीचा वास, दाराशी चिखलाच्या चपलांचा ढीग. आमच्याकडं पाऊस मोजकाच, पण विहाराच्या उत्तरेच्या भिंतीला तो दरवर्षी बरोब्बर सापडतो आणि चुन्यावर नकाशे काढतो. यंदा माईकपुढं नवं मशीन आहे. हलकं, चपटं, निळ्या दिव्याचं. बटण दाबलं की तत्क्षणी बोलतं. त्याला कसलाच वास नाही.

जुन्याला होता. लोखंडी पेटी, दोन माणसांनी उचलायची, वर जाळीचं झाकण आणि झाकणाखाली काचेचे व्हॉल्व्ह. मागं दोन मोठे, हाताच्या अंगठ्यापेक्षा जाड, जोडीनं उभे. आवाजाला ताकद देणारे तेच. मामा बटण दाबायचे आणि मग थांबावं लागायचं. आधी काचेच्या पोटात एक नारिंगी ठिणगी दिसायची, मग ती पसरायची, मग काचेवरची धूळ तापायची आणि तिचा वास यायचा. तव्यावर पीठ सांडल्यासारखा, पण त्याहून कोरडा. बाया म्हणायच्या, मामांनी चूल पेटवली. तो वास आला की बोलणं बंद व्हायचं. मशीन तापेपर्यंतची ती शांतता वंदनेच्या आधीची वंदना होती, असं मला आज वाटतं. तेव्हा मी त्या वेळात फोन बघायचे.

मामा अजिंठ्याकडचे. तरुणपणी शहरातल्या एका थिएटरात आवाजाच्या मशीनवर होते. तिथल्या उस्तादांनी त्यांना व्हॉल्व्हचं काम शिकवलं आणि कामाबरोबर शब्दही दिले. मामा 'कारण' म्हणत नसत, 'सबब' म्हणत. "पोरी, व्हॉल मरत नसतो," ते सांगायचे, "त्याला कायतरी मारतंय. मेलेला फेकला की सबब बी फेकली. मग नवा घाल, त्यो बी मरतंय."

म्हणून ते मेलेला व्हॉल्व्ह फेकत नसत. घरी फळीवर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे होता. प्रत्येक खळग्यात एक मेलेला व्हॉल्व्ह आणि त्याच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर सबब. मला त्यांनी एकदा सगळा ट्रे दाखवला होता, आणि मी ऐकल्यासारखं केलं होतं. काचेच्या डोक्याला आतून चांदीसारखा मुलामा असतो. तो दुधासारखा पांढरा पडला तर काचेला चीर गेली, हवा शिरली. कडांनी तपकिरी होत विरला तर म्हातारपण, त्याला इलाज नाही. आतला पत्रा विड्याच्या रंगासारखा लाल होऊन तापला, तर व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष, त्याच्या मागचा कंडेन्सर गळतोय. पेन्सिलीनं टिचकी मारली आणि भोंग्यात खडखड आली तर आतली तार सैल. आणि व्हॉल्व्ह बसतो त्या सॉकेटच्या दोन पायांमधे काजळाची बारीक रेघ उठली असेल, तर... तिथं मला फोन आला होता. मी अंगणात गेले. परत आले तेव्हा मामांनी ट्रे फळीवर ठेवला होता.

ती एक रेघ मी ऐकून घेतली असती तर हे पत्रक लिहावं लागलं नसतं.

आता गयाबाईबद्दल सांगते. गयाबाई साठी ओलांडलेली; बागकामातून सुटल्यावर नातीच्या पाटीवर अक्षरं शिकली. वर्षावासात वाचनाची पाळी लावतात, आणि तिनं मंगळवार मागून घेतला होता. चष्मा दोऱ्यानं कानाला बांधायची. एका ओळीला बोट लावायचं, शब्द सुटा करायचा, चाखायचा, मग म्हणायचा. 'प्र-ती-त्य,' थांबणार. 'स-मु-त्पाद.' बुद्धांचा शब्द, कारणाशिवाय काही घडत नाही असं सांगणारा. आणि मग हसणार, नदी ओलांडल्यासारखी. हॉलमधल्या बाया तिच्या प्रत्येक शब्दाला मान हलवायच्या.

हॉल एवढासा. आत माईकची गरजच नव्हती, म्हणून आत स्पीकरही नव्हता. मशीनचा सगळा आवाज जायचा गच्चीवरच्या दोन भोंग्यांना, म्हातारी माणसं घरी बसून ऐकतात म्हणून. आणि समोरच्या नव्या फ्लॅटांनाही तो जायचाच. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरची एक बाई भोंगा सुरू झाला की खिडकी लावून घ्यायची. दर वेळी. काच सरकल्याचा आवाज मला हॉलमधे ऐकू यायचा आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

इथपर्यंत आले की माझा हात अडतो. पण पत्रकवालीनं दुसऱ्याच्या बाबतीत कधी हात अडवला नाही.

मला गयाबाईची लाज वाटायची. तिची नाही, तिच्या अडखळण्याची. असं मी स्वतःला फोड करून सांगायचे, जणू त्यानं काही फरक पडतो. त्या खिडकीतल्या बाईनं आमची गयाबाई अक्षराअक्षराला ठेचकाळताना ऐकू नये, असं मला वाटायचं. त्यांनी आमच्यातलं पदवीवालं, भाषणवालं, माझ्यासारखं तेवढं ऐकावं. म्हणून मंगळवारी गयाबाईनं चष्मा बांधला की मी उठायचे, मशीनजवळ जाऊन बसायचे आणि मागं हात घालून भोंग्याची वायर स्क्रूवरून ओढून काढायचे. मामा त्या वेळी दाराशी चपला नीट लावत असत, तेही त्यांचंच काम. गयाबाईचं झालं की वायर परत. एकदा कुणीतरी विचारलं, तर मी म्हणाले, पोरांचा अभ्यास असतो. आवाजाच्या हक्कावर मी पत्रक काढलेलं आहे. त्याच साली.

वायर काढली की एक गंमत व्हायची. बाहेर सगळं गप्प, पण मशीनच्या लोखंडी पोटातून गयाबाईचा आवाज यायचा. अगदी बारीक, दात आवळून बोलल्यासारखा. 'प्र-ती-त्य.' मी कान लावून ऐकायचे. मला वाटायचं, जुनं मशीन, करत असेल काहीतरी. ते तक्रार करत होतं, हे मला कळलं नाही. कोणीतरी दाबून धरल्यावर येतो तसला तो आवाज होता.

व्हॉल्व्हची पहिली जोडी तिसऱ्या आठवड्यात गेली. मामांनी जुन्या बाजारातून दुसरी आणली. ती पंधरा दिवसांत गेली. मामा रोज वहीत काहीतरी लिहायला लागले. नळाला पाणी यायच्या दिवशी सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि दिवे पिवळे पडतात; मामांनी त्या दिवशी मीटर लावून वीज मोजली. मशीनवरचं फुलं ठेवायचं कापड काढून टाकलं, गरमी कोंडते म्हणाले. कंडेन्सर बदलले. भिंतीची ओल नको म्हणून पेटीखाली चार विटा लावल्या. एका मंगळवारी ते वाचन सुरू असताना उठून बाहेर गेले, गल्लीत उभे राहिले आणि बऱ्याच वेळानं परत आले. मला वाटलं, तंबाखूला गेले असतील.

तिसरी जोडी गेली आणि मला उत्तर सापडलं. फोनवर सापडलं. असले जुने व्हॉल्व्ह गाणीबजावणीवाले शौकीन लोक चढ्या भावानं घेतात, असं कुठंतरी वाचलं. संपलं. मामा चांगले व्हॉल्व्ह काढून विकतात आणि मशीनला मेलेले घालतात. प्रश्न जबाबदार कोण हा होता, आणि माणूस समोर होता.

गुरुवारी सव्वासहाला बैठक बसली. मी उभी राहून बोलले, छान बोलले. मामा माझ्यानंतर उठले. त्यांच्या हातात ती वही होती. समोर पहिल्या रांगेत गयाबाई होती, बाकीच्या बायांच्या मधे.

"मंडळी," मामा म्हणाले, "व्हॉल कामून जळतात त्याची सबब सांगतो."

"सबबी सांगू नका, मामा," मी म्हणाले. "उत्तर द्या."

तेच अक्षर, तोच शब्द. त्यांच्या तोंडात तो कारण होता, माझ्या कानात बहाणा. उस्तादांचा उर्दू शब्द मराठीनं घेतला आणि वापरून वापरून दुमडला, आणि मी त्याची दुमडलेली बाजू मामांच्या तोंडावर मारली. हॉलमधे दोघं-तिघं हसले. मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग गयाबाईकडं पाहिलं. वही मिटली.

"बरं," म्हणाले, आणि बसले.

मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी पत्रक छापलं. गुलाबी कागद. 'जाहीर सवाल: व्हॉल्व्ह कोणी पळवले? त्र्यंबक दाभाडे यांनी जनतेला उत्तर द्यावे.' आणि शेवटी, अर्जात-नोटिशीत लिहितात तसं, वजन यावं म्हणून: 'सबब, सदर इसमास वस्तीच्या मशीनला हात लावू देऊ नये.' तिसरा अर्थ. सबब, म्हणजे म्हणून. वर कारणाचा पत्ता नाही आणि खाली म्हणून.

आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं कुठले व्हॉल्व्ह ते. पण पत्रक गल्लीत थांबत नसतं. मीच पोचवलं होतं, पार पाण्याच्या टाकीपर्यंत. आणि या शहरात 'व्हॉल्व्ह' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं एकच वस्तू येते: रस्त्यातल्या खड्ड्यातली ती लोखंडी चावी, जी फिरवली की नळाला पाणी येतं. पलीकडच्या गल्लीत त्या आठवड्यात पाणी आलं नव्हतं. नळ कोरडा पडल्याच्या नवव्या दिवशी तिथल्या बायांनी माझं पत्रक वाचलं.

शनिवारी सकाळी पंधरा-वीस बाया रिकामे हंडे घेऊन मामांच्या दारात उभ्या होत्या.

"ओ मामा, आमचा व्हॉल कुठं ठिवला?"

"लेकीला दिला का आंदण?"

"भाईर या की. पत्रकात नाव हाये तुमचं, छापून आलंय."

मामी बाहेर आली. मामी म्हणजे उंच, काटक बाई, वस्तीत कुणाला भीत नाही. तिच्या हातात अंड्यांचा ट्रे होता. तिनं त्यातला एक काचेचा व्हॉल्व्ह उचलला आणि पुढच्या बाईच्या हंड्यात अलगद सोडला. टण्ण झालं.

"ह्यो घ्या व्हॉल," ती म्हणाली. "फिरवा आन भरा पाणी."

हसणं उठलं. मी कोपऱ्यावर होते, पिठाच्या गिरणीपाशी. मलाही हसू आलं. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. वीस पावलं पुढं जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर गैरसमज तिथंच मिटला असता. 'बायांनो, हे मी लिहिलंय, आणि हे पाण्याचं नाही.' पण मला वाटलं, होऊ दे थोडी अद्दल. बाया हंडे घेऊन परत गेल्या. जाताना एक जण म्हणाली, "पाण्याचा नसंल, पर चोरला तर असंलच की. उगं छापत्यात व्हय?"

तेवढं वाक्य मागं राहिलं. 'व्हॉलचोर' हे नावही. आधी हसत म्हणायचे, मग हसणं गळलं आणि नाव उरलं. मामा विहारात यायचे थांबले. महिन्याभरात दोघं नवराबायको लेकीकडं गंगापूरला गेली. दाराला कुलूप, कुलपावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पावसानं गंजू नये म्हणून. मामांनीच बांधली असणार.

आणि मशीन? मशीन बंदच होतं. विहाराच्या कमिटीनं बाजारातून दुसरा एक कारागीर आणला. त्यानं चौथी जोडी घातली. मंगळवार आला, गयाबाईनं चष्मा बांधला, मी वायर काढली. जोडी गेली.

कारागीर परत आला तेव्हा हॉलमधे मी एकटीच होते. त्यानं पेटी गर्रकन फिरवली, सॉकेट बघितलं, बॅटरी मारली. दोन पायांमधे काजळाची बारीक रेघ.

"भोंगा कोण काढतंय चालू मशीनचा?"

मी म्हणाले, "का?"

"का म्हणजे. भोंगा हा या व्हॉल्व्हचा भार आहे, ताई. भार काढला आणि वर आवाज देत राहिलं तर ती ताकद जाईल कुठं? आतल्या आत उसळते, ठिणगी झेप घेते. बैलांना मोकळं जुंपून हाणल्यासारखं आहे ते." मग तो पेटीच्या पाठीवर वाकला. "आणि इथं लिहिलेलं आहे की."

पेटीची पाठ कायम भिंतीकडं असायची. मी दर मंगळवारी तिच्यामागं हात घातला, पण डोकं कधी घातलं नाही. पांढऱ्या ऑइलपेंटनं, वळणदार अक्षरात, मामांच्या हातचं: 'आधी मशीन बंद, मग वायर.'

सगळ्या गल्लीच्या भिंती वाचणारी मी. ते पाच शब्द वाचले नव्हते.

कारागीर गेला. मी कुणाला काही बोलले नाही. आत्तापर्यंतचं सगळं चुकून झालं असं म्हणता येईल. इथून पुढचं नाही. वर्षावासाचे उरलेले आठवडे मी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले. आश्विन पौर्णिमेला खीर वाढली. हिवाळ्यात दोन पत्रकं काढली, एक रस्त्यावर, एक दिव्यांवर. लिहिताना 'सबब' आला की पेन थबकायचा. मी 'म्हणून' लिहायला लागले. मनाला सांगायचे, मामा लेकीकडं सुखात असतील. कमिटीची इज्जत जाईल. लोकांचा पत्रकावरचा विश्वास उडेल. सबबी. दुमडलेल्या बाजूच्या, सगळ्या.

यंदा पहिल्या मंगळवारी नव्या मशीननं गयाबाईचा आवाज बाहेर फेकला, कारण नव्याची वायर मला काढता येत नाही, आणि आता काढायचीही नाही. 'प्र-ती-त्य.' गल्लीभर. आणि समोरची काच सरकली. खिडकी लागली. गयाबाई वाचता वाचता थांबली. तिनं दारातून त्या खिडकीकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ, आणि मग पुढचं अक्षर विसरली. ती का थांबली हे मला तेव्हा कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी गंगापूरच्या जीपमधे बसले.

दोन्ही बाजूंनी ऊस, मधे कपाशीचे तुकडे, जीपमधे माणसावर माणूस. मी भाषण पाठ करत होते. लेकीचं घर गावाच्या कडेला. ओसरीत मामा मिक्सर उघडून बसले होते. मामीनं मला आधी पाहिलं.

"कामून आलीस? दुसरं पत्रक वाटायला? इथं भिंती कमी हायेत, सांगून ठिवते."

"येऊ दे तिला," मामा म्हणाले. "बस गं. चहा घे."

पाठ केलेलं सगळं गेलं. "मामा, वायर मी काढत होते."

"म्हाईत हाये."

"कधीपासून?"

ते उठले. आतून ट्रे आणला. गंगापूरलाही आणला होता तो. आमच्या मशीनच्या तीन जोड्या एका रांगेत होत्या. पहिलीच्या गळ्यात चिठ्ठी: 'म्हातारपण?' दुसरीच्या: 'पाण्याचा दिवस?', आणि त्यावर काट. तिसरीच्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह नव्हतं. 'भार नाही. गयाचा वार.'

"तिन्ही जोड्या मंगळवारीच गेल्या," मामा म्हणाले. "आधी वाटलं, गया माईकला तोंड लावून वाचती, जोर पडतोय. म्हणून भाईर जाऊन उभा ऱ्हायलो. भाईर तर काय बी ऐकू येईना. आत आलो, तुजा हात पेटीमागं."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"उठलो व्हतो की. तू म्हणलीस सबबी नकोत." ते मिक्सरचं पातं पुसत होते. "आन गया म्होरं बसलेली. तिच्यादेखत कसं सांगू, बाई, तुझं वाचन भाईर जातच नव्हतं म्हणून? व्हॉल काय, दुसरा मिळतो."

मामी पितळीत चहा ओतत होती. "ह्यांचं असं हाये," ती म्हणाली, "काचंच्या वस्तूला जपायचं. बायकूला हंडेवाल्यांच्या म्होरं उभं करायचं."

मी वाकून मामांचे पाय धरले. त्यांनी पाय मागं घेतले.

"ऊठ. माफी तू मागितलीस, मी दिली. ती ह्या ओसरीतच ऱ्हाणार. पत्रक तू गल्लीनं वाटलंस ना?"

"हो."

"मग सबब बी गल्लीनं वाट. खरी. माझं नाव जिथं जिथं गेलं तिथं तिथं ती जाऊ दे."

"आणि तुम्ही याल? आश्विन पौर्णिमेला?"

"नाय येणार," मामी म्हणाली.

मामांनी मिक्सरचं पातं जागेवर बसवलं. मग म्हणाले, "जुनी पेटी त्या उत्तरंच्या भिंतीला ठिवली आसंल तुमी. ओल लागंल तिला. सरकवून ठिव."

परत आल्यावर मी पेटी सरकवली आणि गयाबाईकडं गेले. ती उंबऱ्यात मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वायरीपासून लाजेपर्यंत. ती निवडत राहिली.

"म्हणजे मागल्या साली माझं कायच भाईर गेलं नाय?"

"नाही."

"ती समोरची बाई," गयाबाई म्हणाली, "सगळ्यांच्या वाचनाला खिडकी लावायची. माझ्या दिवशी उघडी ठिवायची. मी म्हणलं, तिला माझंच आवडतंय." तिनं एक काडी मोडली. "म्हणून तर मी तुमच्यापरास हळू वाचायचे. तिला समजावं म्हणून."

मी खाली बसले आणि मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली. यंदाच्या पहिल्या मंगळवारी ती का थांबली होती ते आता कळलं.

आमच्या हॉलमधे आता पाऊस वाजतो आणि नवं मशीन निळं जळत असतं. कोपऱ्यात, विटांवर, भिंतीपासून हातभर पुढं, जुनी पेटी आहे. तिच्यावर फडकं नाही. तिची पाठ मी हॉलकडं फिरवून ठेवली आहे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाच शब्द दिसतील. मी बसते तिथून तर दिसतातच. वाचताना मला अजून तो लोखंडातला आवाज आठवतो, दात आवळून बोलणारा. ऐकणारं काढून घेतल्यावर आवाज स्वतःलाच खातो, हे मशीनला ठाऊक होतं. मी बैठकीत, पत्रकात, कोपऱ्यावर हसताना कुणाचंच ऐकत नव्हते, तशीच जळत होते. फक्त माझं काही फुटलं नाही, फुटलं ते मामांचं.

ही झाली सबब, पहिल्या अर्थानं. आता तिसऱ्या अर्थानं.

सबब, वाचणाऱ्याकडं मागणी करते. ते गुलाबी पत्रक तुमच्या घरात आहे. डब्याखाली अंथरलंय, वहीत घडी करून ठेवलंय, नाहीतर त्यावर कुणाचा तरी फोन नंबर लिहून खिळ्याला टोचलंय. ते शोधा. फाडू नका, जाळू नका. आश्विन पौर्णिमेला विहारात घेऊन या. मामा आले तर त्यांच्या हातात द्या, नाही आले तर माझ्याबरोबर गंगापूरच्या जीपमधे बसा. आमच्या वस्तीत राहत नसाल, तर तुमच्या घरी दुसऱ्या कुणाच्या नावाचं असेल. पत्रक असेल, फोनवर पुढं ढकललेलं काही असेल. ते त्याच्या दारात न्या. त्या वेळी तुम्ही वाचलंत, मान हलवलीत आणि काही विचारलं नाहीत. का विचारलं नाहीत, ते त्याच्या तोंडावर सांगा.

देताना सबब सांगा. खरी.